समुद्री नमुने: गोळा करणं, टिकवणं, ओळखणं (नागपूरहून कोकणात सहल नेणाऱ्यांसाठी)

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना डिसेंबरात एमएस्सीच्या मुलांना घेऊन रत्नागिरी-मालवणला जायचं आहे. फॉर्मॅलिन (नमुने टिकवायचं द्रावण) किती न्यावं, असं त्या विचारतात. शिवाय मागच्या सहलीतल्या बरण्यांवर अजून 'मासा, अनोळखी' आणि 'शिंपला 3' अशीच लेबलं आहेत, तर ते सगळं ओळखायला चांगलं पुस्तक कोणतं?

मॅडम, पुस्तक सांगतो, पण तुमची अडचण पुस्तकाची नाही. समुद्री प्राण्याची ओळख बरीचशी किनाऱ्यावरच ठरते. जिवंतपणीचा रंग, कुठल्या खडकाखाली होता, किती पाण्यात होता, हात लावल्यावर काय केलं, यातलं काहीच बरणीत उतरत नाही. मुंबईच्या कॉलेजचं काही राहून गेलं तर ते पुढच्या रविवारी पुन्हा किनाऱ्यावर जातात. आपल्याला हजारेक किलोमीटर तुडवून परत जाणं जमत नाही. म्हणून नागपूरकरांनी बरण्या कमी भराव्यात आणि वह्या जास्त. मुलांनी वीस नमुने नीट नोंदींसकट आणले तर ते दोनशे अनोळखी बरण्यांपेक्षा मला केव्हाही चालतील.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. संग्रहालयाच्या कपाटासाठी प्रत्येक संघाचे एकदोन नमुने हवे असतील तर त्यातले मासे, खेकडे, शिंपले मासळी बाजारातूनच मिळतील. कोणाचा प्रबंध खडकाळ किनाऱ्यावरच्या प्राण्यांवर असेल तर तिथे नमुने उचलण्यापेक्षा चौकट टाकून मोजणी करणं महत्त्वाचं. आणि डीएनएचं काम करायचं असेल तर फॉर्मॅलिनचा विचार सोडाच, त्यासाठी वेगळी तयारी लागते. हे आधी ठरवा, मग सामानाची यादी करा.

सामानाच्याही आधी कायदा. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली घोषित झालं, आणि त्याच्या हद्दीत वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही. हद्दीबाहेरही वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 लागू आहेच. खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, सगळे समुद्रघोडे आणि त्यांचे भाईबंद नळीमासे, सगळ्या समुद्रकाकड्या, काही मुशी (शार्क) आणि पाखटं (चपटे रे मासे), काही शंख हे त्याच्या अनुसूचींत आहेत. 2022 च्या दुरुस्तीनंतर अनुसूची नव्याने मांडल्या गेल्या, त्यामुळे विभागात भिंतीवर लावलेली जुनी यादी काढून टाका. 'मेलेलाच होता, वाळूत पडला होता' हे उत्तर चालत नाही. वाळलेला समुद्रघोडा किंवा प्रवाळाचा तुकडा बाळगणं हाही गुन्हाच. मुलांना हे निघण्याआधी वर्गात सांगा, कारण परतीच्या वाटेवर कोणाच्या तरी बॅगेत प्रवाळाचा तुकडा हमखास निघतो. अशा प्राण्यांचे फोटो घ्या, जागेची नोंद करा आणि त्यांना तिथेच राहू द्या. परवानगीचा अर्ज बराच आधी टाका. डिसेंबरची सहल असेल तर पावसाळ्यातच टाकलेला बरा.

तयारीचा दुसरा भाग मी नागपुरातच करून घेतो. आपली मुलं अंबाझरी-गोरेवाड्याच्या मरळ, रोहू, कटल्यावर शिकलेली असतात. समुद्री माशाचे काटेरी पर (पोहायचे पंख), परांतले अणकुचीदार काटे आणि मऊ किरण वेगवेगळे मोजणं, पार्श्वरेषा, म्हणजे अंगाच्या बाजूने जाणारी रेषा, कशी वळते ते बघणं याची त्यांना सवय नसते. ही सवय किनाऱ्यावर, उन्हात, ओहोटी संपत आलेली असताना लागत नाही. म्हणून आधी एका सकाळी भोईपुऱ्याच्या मासळी बाजारात चला. बर्फातले बांगडे, सुरमई, पापलेट, बोंबील तिथे मिळतात. विकणाऱ्या बाई हमखास विचारतात, "सर, मासा घेऊन राहिले का नुसते मोजून राहिले?" दोन्ही करा. घेऊन या, मोजा, मग खा.

बांगडा हातात घेतला की पाठीवर दोन पर दिसतात. दुसऱ्या पराच्या मागे शेपटीपर्यंत पाच बारीक सुटे पर ओळीने असतात, पोटाकडेही तसेच पाच. तोंड उघडून आत बघा, कल्ल्याचे दाते इतके लांब असतात की पिसासारखे बाहेर डोकावतात. छातीच्या पराखाली एक काळा ठिपका असतो. हे सगळं जुळलं की रास्ट्रेलिगर कानागुर्टा म्हणायला हरकत नाही. मग सुरमईकडे वळा. बाजारात सुरमई म्हणून निदान दोन जाती येतात. एकीच्या अंगावर उभे, नागमोडी पट्टे असतात आणि पार्श्वरेषा दुसऱ्या पाठपराच्या शेवटाशी एकदम खाली झुकते, ही स्कोम्बेरोमोरस कॉमर्सन. दुसरीच्या अंगावर ठिपक्यांच्या ओळी आणि पार्श्वरेषा हळूहळू उतरणारी, ती गुट्टॅटस. ठिपके-पट्टे बर्फात फिके पडतात, रेषेची वळणं फिकी पडत नाहीत. टिकणारी खूण कोणती आणि पुसली जाणारी कोणती, हे मुलांना इथेच कळलं की पुढचं निम्मं काम झालं.

तारखा ठरवताना पंचांग उघडा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीला पाणी सर्वांत खाली. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही लहान, तेव्हा खालचे खडक उघडेच पडत नाहीत. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणा, साधारण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला सव्वाअकरा, तृतीयेला सव्वादोन. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. म्हणजे ऐन पौर्णिमेला सकाळची ओहोटी पहाटे पाचच्या सुमाराला, डिसेंबरात काळोखात. द्वितीया ते चतुर्थी धरली तर पाणीही बऱ्यापैकी उतरलेलं असतं आणि खडक सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, चांगल्या उजेडात उघडे मिळतात. ठिकाणानुसार यात फरक पडतो, तेव्हा छापील भरती-तक्त्याशी ताडून घ्या. मुंबईच्या मानाने मालवणकडे पाणी कमी उतरतं, हेही लक्षात असू द्या. हॉटेलचं बुकिंग तिथी बघून करा, रविवार बघून नको.

खडकावर पाणी उतरत असतानाच उतरा. ओहोटीच्या शेवटच्या टोकाला पोचलात तर सगळ्यांत खालच्या पट्ट्यासाठी जेमतेम अर्धा-पाऊण तास हातात राहतो. वरून खाली जाताना पट्टे बदलतात. वर कोरड्या खडकावर लिटोरिना या बारीक गोगलगायी, मग नेरिटा या गोगलगायी आणि बार्नॅकल, त्याखाली खडकाला घट्ट चिकटलेली कालवं (एक प्रकारचे शिंपले), आणि पाण्याजवळ सरगॅसम हे शेवाळ, स्पंज आणि समुद्रफुलांचे भाईबंद झोअँथिड. नमुना कुठल्या पट्ट्यातला, हे लेबलवर आलंच पाहिजे. 'मालवण' एवढंच लिहून भागत नाही. दगड उलटलात तर बघून झाल्यावर तो होता तसा, त्याच बाजूने परत ठेवा. खालच्या बाजूचे स्पंज आणि नळीतले कृमी उन्हात तासाभरात मरतात. रिकामा शंख मिळाला म्हणजे ती गोगलगाय तिथेच राहते असं धरू नका. संन्यासी खेकडे शंख घेऊन कुठून कुठे जातात, आणि लाटाही आणून टाकतात. नोंदीत 'जिवंत' की 'रिकामा' हा शब्द हवाच.

हात कुठे घालायचा नाही ते आधीच सांगून ठेवा. शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा शंख जिवंत असेल तर उचलायचा नाही, कोनसच्या डंखाचं विष गंभीर असतं. उथळ पाण्यातल्या वाळूत पाय उचलून टाकत चालू नका, घसटत चाला, म्हणजे पाखट बाजूला होतं. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या, जाळ्यात समुद्री साप आला तर तो कोळ्यांनाच सोडवू द्या. माशाचा विषारी काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.

माशांसाठी मात्र खडकापेक्षा लिलाव बरा. रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर, मालवणचा किनारा, पहाटे ओढली जाणारी रापण. जिवंत प्राणी मारण्याचा प्रश्न येत नाही, आणि विक्रीला नको म्हणून बाजूला टाकलेल्या बारीक मासळीत जे सापडतं ते बाजारात कधी दिसत नाही. तिथे ट्रेकडे नुसतं बघत उभं राहू नका, विचारा. कुठल्या जाळ्यात आला? किती वावांत (वाव हे खोलीचं माप)? कुठल्या दिशेला? ट्रॉलरचा मासा चाळीस वावांतून आलेला असू शकतो, त्यावर 'मालवण किनारा' असं लिहिणं म्हणजे चुकीची नोंद. लिलाव चालू असताना बायकांना प्रश्न विचारून अडवू नका. तो संपू द्या, त्यांच्याकडून थोडी मासळी विकत घ्या, मग त्या आपणहून सांगतात. त्यांनी सांगितलेलं नावही गावासकट लिहा. एकाच मासळीचं नाव गावागणिक बदलू शकतं. जूनपासून जुलै अखेरपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा सहल त्या काळात नेऊन उपयोग नाही.

आता मासा मुक्कामी आणला की काय करायचं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण बरण्या बिघडतात त्या इथेच. आधी नंबर. पेन्सिलीने लिहिलेला जाड कागदाचा तुकडा दोऱ्याने शेपटीच्या देठाला किंवा उजव्या कल्ल्यातून बांधा, वहीत तोच नंबर. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि बरणीवर बाहेरून चिकटवलेलं लेबल दोन पावसाळ्यांत निघून येतं. लेबल बरणीच्या आत, नमुन्याबरोबरच. मग मासा गोड्या पाण्याने धुवा आणि ओल्या थर्माकोलवर डावी बाजू वर करून ठेवा. डावीच, कारण जगभर चित्रं आणि मापं डाव्या बाजूची घेतात. कापायचं, टोचायचं ते उजवीकडून. कीटकांच्या बारीक टाचण्यांनी पर पूर्ण ताणून उभे करा, परांवर ब्रशने थोडं तीव्र फॉर्मॅलिन फिरवा, दहा मिनिटांत ते तसेच ताठ राहतात. शेजारी मोजपट्टी ठेवा आणि सावलीत फोटो घ्या. फ्लॅश नको, ओल्या खवल्यांवर चमक येते.

या फोटोची किंमत तांबुशांच्या गटात कळते. लुटजानस फुल्विफ्लामा हा मासा ताजा असताना अंगावर सहा-सात पिवळे पट्टे आणि पार्श्वरेषेवर एक काळा डाग असतो. फॉर्मॅलिनमधून अल्कोहोलमध्ये गेला की डाग राहतो आणि पट्टे जातात. मग त्याच्यासारखेच डाग असलेले त्याचे भाईबंद आणि तो यांत फरक करताना खवले मोजत बसावं लागतं. तुमच्या जुन्या बरण्यांत काळ्या डागाचा पांढुरका मासा असेल तर बहुधा हाच घोळ आहे.

फॉर्मॅलिन किती, याचं उत्तर: दहा टक्के म्हणजे बाजारातल्या तीव्र फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाणी नऊ भाग. समुद्राचं पाणी चालतं. त्यात थोडा बोरॅक्स टाका, नाहीतर आम्लतेने हाडं आणि शिंपले झिजतात. द्रव माशाच्या निदान दहापट हवा. लोणच्यासारखे खचाखच भरलेले मासे आतून सडतात. वीतभर किंवा मोठ्या माशाच्या पोटाला उजवीकडून छेद द्या. लहान मासे काही दिवस, मोठे आठवडा-दोन आठवडे त्यात ठेवा, मग पाणी बदलत बदलत धुवा आणि सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये कायमचे घाला. अल्कोहोलची परवानगी उत्पादन शुल्क विभागाकडून लागते, तेव्हा तो अर्जही वेळेत करा. डीएनए हवा असेल तर फॉर्मॅलिनला हात लावण्याआधी उजव्या पराचा तुकडा किंवा थोडं मांस पंचाण्णव टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये वेगळं काढा. ढोम्यांच्या गटात, म्हणजे घोळीच्या कुळात, कानातले खडे आणि हवेची पिशवी बघूनच जाती ठरतात. एकेका जातीच्या एका माशाचे खडे आधीच काढून कोरडे ठेवा. फॉर्मॅलिनची वाफ विषारी आहे आणि फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगकारक म्हणून नोंदलेलं आहे. हॉटेलच्या बंद खोलीत हे काम करू नका, ओसरीवर करा, हातमोजे घाला.

अपृष्ठवंशी प्राण्यांना माशांचा नियम लावू नका. समुद्रफूल थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकलंत तर आखडून मांसाचा गोळा होतो, आणि त्या गोळ्याला नाव देणं कोणालाही जमत नाही. त्याला आधी समुद्राच्या पाण्यात उमलू द्या. मॅग्नेशियम क्लोराइड लिटरभर गोड्या पाण्यात पंचाहत्तर ग्रॅम घोळवून ठेवा आणि ते हळूहळू त्या पाण्यात मिसळत जा. टोचल्यावरही शुंडके हलेनात, की मगच फॉर्मॅलिन. कृमींसाठी आणि कवच नसलेल्या गोगलगायींसाठी हेच. खेकडे बर्फात गार करून घ्या, नाहीतर स्वतःचे पाय तोडून टाकतात, आणि मग अल्कोहोलमध्ये घाला. नर-मादी दोन्ही आणा. पोटाची पट्टी अरुंद ती नराची, रुंद ती मादीची. बऱ्याच कुळांत नराच्या पोटपट्टीखालचे पहिले उपांग बघितल्याशिवाय जात ठरत नाही. पाठीवर तीन गडद डाग असलेला पोर्ट्युनस सँग्विनोलेन्टससारखा खेकडा मात्र नुसत्या नजरेने ओळखता येतो, मुलांचा हुरूप तिथून वाढतो. तारामासे, ठिसूळतारे, स्पंज सगळे अल्कोहोलमध्येच.

स्पंजांना मुलं घाबरतात, पण कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकावर होणारं हे फार छान काम आहे. नखाएवढा तुकडा काचेवर घ्या, त्यावर कपडे पांढरे करायच्या ब्लीचचे दोनतीन थेंब टाका. मांस विरघळून जातं आणि उरतात काचेच्या सुया. कुठे दोन्ही टोकं टोकदार, कुठे एक टोक गोल, कुठे चांदणी. त्या सुयांची चित्रं काढून मापं घेतली की निदान गणापर्यंत, कधी कुळापर्यंत पोचता येतं.

परतीचं. फॉर्मॅलिन किंवा स्पिरिटच्या बरण्या रेल्वेच्या डब्यात नेता येत नाहीत, ज्वालाग्राही आणि घातक द्रवांना बंदी आहे. स्वतंत्र बस असेल तरी बरण्या घाटात फुटतात. मासे फॉर्मॅलिनमध्ये मुरून घट्ट झाले की द्रव काढून टाका, नमुने ओलसर मलमलीत गुंडाळा, दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत बंद करा आणि नागपुरात पोचल्याच्या दिवशी नव्या द्रवात घाला. उरलेलं फॉर्मॅलिन समुद्रात किंवा हॉटेलच्या मोरीत ओतू नका. जवळच्या मत्स्य महाविद्यालयाशी किंवा प्रयोगशाळेशी आधीच बोलून ठेवा, विल्हेवाटीची सोय होते. म्हणून आधीच कमी न्यायचं.

आता पुस्तक. कोकणच्या व्यापारी माशांसाठी, कोळंबी-खेकड्यांसाठी एफएओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची, पश्चिम हिंदी महासागराची, क्षेत्र 51 ची ओळखपत्रकं (1984) घ्या. इंटरनेटवर मोफत आहेत, चित्रं स्पष्ट आहेत. त्यातून आधी कूळ ठरवा. थेट जातीवर उडी मारणाऱ्या मुलाला मी वहीत कूळ लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडू देत नाही. जात ठरल्यावर नाव माशांसाठी फिशबेस या संकेतस्थळावर, बाकीच्यांसाठी वर्म्स या समुद्री जातींच्या नोंदवहीत तपासा, कारण नावं बदलतात. महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून 2023 साली घोषित झालेला पापलेट सगळ्या जुन्या पुस्तकांत पाम्पस अर्जेंटियस आहे, आता आपल्या किनाऱ्यावरचा तो पाम्पस कँडिडस मानला जातो. फोटोवरून नाव सांगणारी मोबाईल अॅप्स दिशा दाखवायला ठीक, पुरावा म्हणून नाहीत. अडेल तिथे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्याचं पश्चिम विभागीय केंद्र किंवा मुंबईतल्या मत्स्यसंस्थांना लिहा, मात्र फोटो, मापं आणि जागा सोबत जोडून. नुसतं 'सर, हे काय आहे?' असं लिहिलंत तर उत्तराची अपेक्षा धरू नका.

आणि त्या कपाटातल्या बरण्या. ज्यांच्यासोबत तारीख आणि ठिकाण आहे त्या मुलांना सरावाला द्या: कूळ ओळखा, पराचे काटे-किरण मोजा, जिथे खात्री संपते तिथे 'एसपी.' (जात ठरलेली नाही) लिहून थांबा. लेबलवर 'लुटजानस एसपी.' असणं यात कमीपणा काही नाही, तो पुढे कोणीतरी पूर्ण करू शकतो. चुकीची जात ठामपणे लिहिली तर ती पुढचे कित्येक प्रबंध उचलत राहतात. ज्या बरण्यांवर ठिकाणच नाही त्यांना नाव मिळालं तरी नोंद म्हणून त्यांची किंमत नाही, त्या रचना दाखवायला प्रात्यक्षिकात वापरा. आणि तारीख नक्की झाली की इथे कळवा, तिथी बघून कुठल्या किनाऱ्यावर कुठल्या सकाळी जावं ते मी लिहितो.